कोलोराडोच्या डोंगरात, दहा मिनिटांच्या भेटीसाठी: फॅन्टसी लिहिणाऱ्यांची परिषदेची तयारी

कोलोराडो स्प्रिंग्ज हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८४० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे हॉटेलच्या ज्या लॉबीत तुम्ही एजंटाला (लेखकाची कादंबरी प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थाला) पहिल्यांदा भेटणार, ती लॉबीच महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाहून जवळपास दोनशे मीटर उंच आहे. इथे दर वसंतात, साधारण एप्रिलमध्ये, पाइक्स पीक रायटर्स कॉन्फरन्स भरते. इंग्रजीत फॅन्टसी लिहिणारे मराठी लोक आता पुण्यातही आहेत आणि डॅलस, सॅन होजेतही. त्यांच्यापैकी कुणी या परिषदेला जायचं ठरवलं, तर तयारी दोन आघाड्यांवर करावी लागते: कादंबरीची आणि फुफ्फुसांची. पहिलीकडे बहुतेकांचं लक्ष असतं, दुसरीकडे पोहोचल्यावर जातं.

साहित्य संमेलनाची सवय असेल तर ती घरी ठेवा. इथे ग्रंथदिंडी नाही, ठराव नाहीत, अध्यक्षीय भाषण नाही. दिवसभर तास-तासाच्या कार्यशाळा असतात, पहिलं पान वाचून त्यावर तिथल्या तिथे मत देणारी सत्रं असतात आणि एजंट किंवा संपादकाबरोबर ठरलेल्या वेळी साधारण आठ-दहा मिनिटांची भेट मिळते. हिला, आणि तिच्यात कादंबरी मांडण्यासाठी म्हणायच्या चार वाक्यांनाही, पिच म्हणतात. खर्च वसूल व्हायचा तो याच भेटीतून आणि तिच्या आजूबाजूच्या गप्पांतून.

आधी एक खात्री करून घ्या. याच शहरात फेब्रुवारीत सुपरस्टार्स रायटिंग सेमिनार होतो. तिथे भर करार, हक्क, स्वतः प्रकाशन करणं अशा व्यवसायाच्या बाजूवर असतो. एजंट शोधायचा असेल तर तो तुमचा कार्यक्रम नव्हे. डेन्व्हर भागात रॉकी माउंटन फिक्शन रायटर्स ही संस्था कोलोराडो गोल्ड नावाची परिषद घेते, ती स्वरूपाने पाइक्स पीकच्या परिषदेच्या जवळची. तारखा, शुल्क आणि येणाऱ्या एजंटांची यादी दरवर्षी बदलते. पैसे भरण्याआधी यादीतल्या प्रत्येक एजंटाचं पान उघडून तो सध्या फॅन्टसी घेतो का, आणि घेत असेल तर प्रौढांसाठीची की किशोरांसाठीची, हे बघा. यादीत फॅन्टसी घेणारे दोनच असतील तर त्या वर्षी जाऊ नका.

कादंबरी पूर्ण असायला हवी

पूर्ण म्हणजे शेवटचं प्रकरण लिहून, निदान एकदा सगळी पुन्हा तपासून सुधारलेली. एजंटाचा पहिला किंवा दुसरा प्रश्न हाच असतो, आणि 'अजून चार प्रकरणं बाकी आहेत' या उत्तरावर भेट तिथेच संपते. पहिल्या कादंबरीबाबत अर्ध्या मसुद्यावर कुणी करार करत नाही.

शब्दसंख्या पाठ हवी. प्रौढांसाठीच्या पहिल्या फॅन्टसीला ९० हजार ते १ लाख २० हजार शब्द चालतात, किशोरांसाठीच्या कादंबरीला ७० हजार ते १ लाख. दीड लाखाच्या वर गेलात की एजंटाच्या कपाळावर आठी दिसते. कारण सरळ आहे: जाड पुस्तकाला कागद, बांधणी आणि वाहतूक महाग पडते, आणि अनोळखी लेखकावर एवढा खर्च करायला प्रकाशक कचरतो. संहिता दोन लाखांची असेल तर 'ही तीन पुस्तकांची मालिका आहे' असं सांगून सुटका होत नाही. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा राहील अशा जागी कापावा लागतो. 'एकटी पुरी पडते, पण पुढे मालिका होऊ शकते' हे वाक्य खरं असेल तरच वापरा.

सोबत तीन कागद तयार ठेवायचे. अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचं चौकशीपत्र, म्हणजे एजंटाला कादंबरीची ओळख करून देणारं पत्र. साधारण पाचशे शब्दांचा सारांश, ज्यात शेवटही सांगितलेला असतो (रहस्य राखून ठेवणारा सारांश हा जाहिरातीचा मजकूर झाला, एजंटाला त्याचा उपयोग नसतो). आणि पहिली दहा पानं: बारा पॉइंटचा टाइम्स न्यू रोमन, दुहेरी ओळअंतर, चारही बाजूंना एक इंच समास, प्रत्येक पानावर आडनाव, शीर्षक आणि पानाचा क्रमांक. नकाशा, वंशावळ आणि शब्दसूची या टप्प्यावर नको. नकाशा पाहून कुणी कादंबरी घेत नाही, पण नकाशा आधी पुढे करणारा लेखक गोष्ट सांगायला घाबरतोय अशी शंका मात्र येते.

पिच कसं बांधायचं

फॅन्टसीकार हमखास एकाच जागी घसरतो. तो जगापासून सुरुवात करतो. 'तीन हजार वर्षांपूर्वी सात द्वीपांवर पाच कुळं राज्य करत होती...' इथपर्यंत चाळीस सेकंद गेलेली असतात आणि अजून एकही माणूस आलेला नसतो. क्रम उलटा हवा: कोण, त्याला काय हवं आहे, आड काय येतंय, आणि ते मिळवायला काय गमवावं लागेल. जग या चार गोष्टींच्या आडून दिसू द्यावं.

नमुन्यासाठी एक काल्पनिक कादंबरी घेऊ. 'एका गडाच्या तटाला भूक लागते. दर अमावस्येला गडावरच्या प्रत्येकाने त्याला एक आठवण द्यायची, नाहीतर भिंत ढासळते. गडकऱ्याची मुलगी आईचा चेहरा द्यायला नकार देते आणि त्या रात्री पहिला बुरूज पडतो. शत्रू दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तटाला चालेल अशी एकच गोष्ट तिच्याकडे उरली आहे: स्वतःचं नाव.' यात एकही विशेषनाम नाही, तरी जादू कशी चालते, तिची किंमत काय आणि घाई कसली, हे कळतं. इंग्रजीत हे बोलायला अर्धं मिनिट पुरतं. घालायचंच तर एखादं नाव घाला, फार तर दोन. तिसऱ्या नावाला ऐकणारा पहिलं विसरलेला असतो.

आपल्याकडची भुतंखेतं आणि दैवतं कथेत असतील तर त्यांची ओळख त्यांच्या कामातून करून द्या. 'चकवा' म्हणजे काय हे सांगायला लोककथांचा इतिहास लागत नाही. 'रात्री वाट फिरवून माणसाला पुन्हा त्याच झाडाखाली आणणारं भूत' एवढ्यावर भागतं. आसरा, मुंज्या, वेताळ यांनाही हाच नियम. 'अमुक इंग्रजी कादंबरीची भारतीय आवृत्ती' अशी ओळख करून देऊ नका. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मग ती दुसरी कादंबरीच राहते.

तुलनेसाठी दोन पुस्तकं विचारली जातात. ती गेल्या पाचेक वर्षांतली असावीत आणि तुम्ही खरंच वाचलेली असावीत. जगभर कोट्यवधी खपलेल्या मालिकेचं नाव घेतलंत तर बाजाराची माहिती नाही एवढाच अर्थ निघतो.

आता सराव. घरात बसून म्हटलेलं पिच आणि १,८४० मीटरवर म्हटलेलं पिच यांत फरक पडतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्केच असतो, त्यामुळे लांब वाक्याच्या शेवटी श्वास तोकडा पडतो. तीन मजले जिना चढून जा आणि वर पोहोचताच पिच मोठ्याने म्हणा. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागला तिथे वाक्य तोडा.

वेळ कोणती मागायची

भारतातून जाणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी. एप्रिलमध्ये कोलोराडो भारतापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तिथे सकाळचे दहा वाजलेले असताना तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, ते अजून चालेल. दुपारचे चार म्हणजे पहाटेचे साडेतीन, आणि त्या वेळी स्वतःच्या नायिकेचं नाव आठवेलच असं नाही. नोंदणीच्या अर्जात वेळ निवडता येत नसेल तर संयोजकांना नम्र ईमेल करून कारण सांगा. हे स्वयंसेवक असतात. जमेल तेवढं करतात, पण शेवटच्या आठवड्यात त्यांच्या हातात काही नसतं.

परिषदेच्या आधी निदान दोन पूर्ण दिवस पोहोचा. व्हिसासाठी भेट कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून शुल्क भरण्याआधी ते रद्द केल्यास किती परत मिळतं हे वाचा, आणि नोंदणीची पावती व कार्यक्रमपत्रिका मुलाखतीला सोबत न्या. परिषदेला हजर राहायला बी-१ प्रकारचा व्हिसा चालतो.

मुंबईहून युरोपमार्गे किंवा अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून डेन्व्हरला जायचं. कोलोराडो स्प्रिंग्जला स्वतःचा विमानतळ आहे. तिथपर्यंत जोडविमान मिळालं तर शेवटची दगदग वाचते. डेन्व्हर विमानतळापासून शहर सुमारे १३५ किलोमीटर, मोटारीने दीड तास. वाटेत मॉन्युमेंट हिल नावाचा चढ लागतो, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर. तिथे एप्रिलमध्येही बर्फाचं वादळ येऊन रस्ता ठप्प होऊ शकतो, तेव्हा परतीच्या विमानाआधी सहा तास हाताशी ठेवा. बर्फात गाडी चालवली नसेल तर हा मार्ग शिकायची जागा नव्हे. विमानतळावरून रेल्वेने ३७ मिनिटांत डेन्व्हर युनियन स्टेशन गाठता येतं, आणि तिथून बस्टॅंग नावाची सरकारी बस कोलोराडो स्प्रिंग्जला जाते. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात.

शरीर

उंचीचा खरा त्रास, म्हणजे ज्याला डॉक्टर आजार म्हणतात तो, बहुधा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. शहरात तो सहसा होत नाही. होतं ते असं: जिना चढताना धाप, पहिल्या दोन रात्री तुटक झोप, हलकी डोकेदुखी आणि सगळं कोरडं. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या माणसाचे ओठ दुसऱ्या दिवशी फुटतात, नाकातून रक्तही येऊ शकतं. व्हॅसलीन, सलाइनचा नाकात मारायचा फवारा आणि पाण्याची बाटली एवढ्याने भागतं. रात्री खोलीत ओला टॉवेल पसरून ठेवा. ऊन डोंगरात जास्त लागतं, दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. थंडी वाजत असतानाही चेहरा भाजतो. हृदयाचा, फुफ्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी ऐकीव सल्ल्यावर घेऊ नका.

कपडे एकावर एक चढवता-उतरवता येतील असे घ्या. बाहेर सकाळी शून्याखाली आणि दुपारी वीस अंश, असं एकाच दिवसात होतं. सभागृहं मात्र बाराही महिने गारठलेली असतात, शाल हवीच.

खाण्याचं: नोंदणी करतानाच शाकाहारी असल्याची खूण करा, नाहीतर मेजवानीत कोशिंबिरीवर रात्र काढावी लागते. भडंग, मेतकूट, कोरडी चटणी नेता येते. ताजी फळं, बिया, मांस नेऊ नका आणि नेलेलं सगळं कस्टममध्ये जाहीर करा. चिवड्याचं पाकीट वर फुग्यासारखं टम्म होतं, बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलंत तर फुटल्यावर कळेल. फाउंटन पेनही विमानात गळतं, रिकामं करून न्या. आणि खोलीतल्या चहाबद्दल तक्रार करू नका. तिथे पाणी ९४ अंशांना उकळतं, पत्ती उतरायला दीड-दोन मिनिटं जास्त द्या.

प्रत्यक्ष परिषदेत

पहिलं पान वाचण्याच्या सत्रात कागदावर नाव नसतं, सहसा दुसरंच कुणी वाचतं. फॅन्टसीच्या पानावर परीक्षक कुठे थांबतात हे ठरलेलं आहे: स्वप्नातून जागं होणारं पात्र, भविष्यवाणी, हवामान, आणि एका परिच्छेदात तीनहून जास्त बनवलेले शब्द. दुहेरी अंतराच्या एका पानात अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. त्यात एखादी विचित्र गोष्ट घडलेली असली पाहिजे आणि ती पात्राला विचित्र वाटायला नको, वाचकाला वाटली पाहिजे. तिथे मिळालेल्या मताला उत्तर द्यायचं नाही. परीक्षकाला समजावून सांगावं लागलं, तर ते पानावर नव्हतं.

पिचच्या टेबलाशी बसलात की नाव सांगा, मग प्रकार, शब्दसंख्या आणि 'पूर्ण आहे' एवढं एका वाक्यात. पुढच्या अर्ध्या मिनिटात पिच. मग गप्प बसा. उरलेली आठ मिनिटं त्यांच्या प्रश्नांची आहेत, आणि बहुतेक लेखक नेमकी ती स्वतःच बोलून भरतात. प्रश्न साधारण हे येतात: जादूची मर्यादा काय? खलनायकाला काय हवं आहे? ही कादंबरी तुम्हीच का लिहावी? शेवट काय? शेवट सांगा, लाजू नका. कागदावरून वाचलं तरी कुणी हसत नाही. थरथरत्या आवाजात पाठ म्हणण्यापेक्षा ते बरं. संहितेची प्रत हातात देऊ नका, त्यांना ती विमानातून न्यायची नसते. 'पहिली पन्नास पानं पाठवा' म्हणाले तर पत्ता, पानांची संख्या आणि फाइलचा प्रकार त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

दिवसाची सत्रं संपली की लोक हॉटेलच्या बारमध्ये जमतात. पिण्याची सक्ती नसते, लिंबू घातलेला सोडा हातात असला की पुरे. पिणाऱ्यांनी पहिल्या दोन रात्री एकावर थांबावं, उंचीवर झोप आधीच बिघडलेली असते. इथे पिच करायचं नाही, कुणी विचारलं तरच दोन वाक्यं. शेजारी बसलेल्या नवख्या लेखकाला त्याच्या पुस्तकाबद्दल विचारा. एजंट वर्षाला मोजके लेखक घेतो, पण तुमचा मसुदा वाचणारे चांगले वाचक याच टेबलावर भेटतात.

डोंगर सोमवारी

पाइक्स पीक शहरातून दिसतच असतं आणि पहिल्याच दिवशी वर जाऊन यावंसं वाटतं. जाऊ नका. शिखर ४,३०२ मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. खाली आल्यावर डोकं रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या सकाळचं पिच गेलं. परिषद रविवारी संपते. तोवर शरीर थोडं रुळलेलं असतं, म्हणून सोमवार राखून ठेवा.

शेजारच्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावाहून दातेरी रुळावरची रेल्वे (कॉग रेल्वे) वर जाते, १८९१ मध्ये सुरू झालेली. जाऊन-येऊन तीन तासांहून थोडं जास्त लागतं, वर चाळीस मिनिटं मिळतात, तेवढी पुरे. मोटारीचा रस्ता ३० किलोमीटरचा आहे. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावं लागतं, कारण सतत ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो. म्हणूनच वाटेतल्या ग्लेन कोव्ह इथे गाड्या थांबवून ब्रेकचं तापमान तपासतात. एप्रिलमध्ये बर्फामुळे वरचा टप्पा बंद असू शकतो, सकाळी चौकशी करूनच निघा. वर चक्कर, उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा.

वही न्या, कारण कागदावरच्या काल्पनिक डोंगरातल्या चुका इथे लक्षात येतात. सुमारे ३,६०० मीटरच्या आसपास झाडं संपतात. शेवटची झाडं खुरटी, वाऱ्याने एका बाजूला वाकलेली. तुमच्या सैन्याने त्या वरच्या खिंडीत मुक्काम केला, तर सरपण कुठून आणलं? शिखरावर पाणी ८६ अंशांना उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. सैनिकांकडे भाजलेलं पीठ हवं. इथला दगड गुलाबी ग्रॅनाइट आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना. तो गोलसर धोंड्यांत आणि खडीत फुटतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांवर थर बसल्यामुळे पायऱ्यापायऱ्यांनी उभा तुटतो, म्हणून आपल्याकडे कातळकडे तटाचं निम्मं काम करतात. राजगडासारखा गड ग्रॅनाइटच्या डोंगरावर जसाच्या तसा उचलून ठेवला तर शत्रू धोंड्यांमधून चढून येईल.

इतिहासातूनही घेण्यासारखं आहे. झेब्युलन पाइक या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८०६ च्या नोव्हेंबरात हे शिखर गाठायचा प्रयत्न केला आणि कंबरेएवढ्या बर्फातून परत फिरला. तरी नाव त्याचंच लागलं. इथले मूळ रहिवासी उट लोक त्याच डोंगराला त्याआधीपासून 'तावा', सूर्याचा डोंगर, म्हणतात. विजेवर संशोधन करणाऱ्या निकोला टेस्लाने १८९९ मध्ये याच शहरात प्रयोगशाळा उभारून कृत्रिम विजा पाडल्या. जादूगाराची प्रयोगशाळा लिहायची असेल तर तिला लागणारी वीज कुणाच्या घरातून येते, हा प्रश्न तिथून उचलावा.

परतल्यावर

मागितलेली पानं दोन ते चार आठवड्यांत पाठवा. परिषदेत मिळालेल्या मतांवरून पहिलं प्रकरण सुधारायला एवढा वेळ पुरतो. सगळी कादंबरी पुन्हा लिहायला घेतलीत तर सहा महिने जातात आणि एजंटाला तुम्ही आठवत नाही. विषयाच्या ओळीत 'मागवलेला मजकूर' या अर्थाचे इंग्रजी शब्द, शीर्षक आणि परिषदेचं नाव लिहा. पत्राच्या पहिल्या ओळीत भेट कोणत्या दिवशी झाली ते. पन्नास मागितली असतील तर पन्नासच, प्रकरण त्रेपन्नाव्या पानावर संपत असेल तर त्रेपन्न चालतात.

मग थांबायचं. आठ ते बारा आठवडे उत्तर आलं नाही तर दोन ओळींची आठवण द्या. तोवर दुसऱ्या कुणाकडून होकार आला तर बाकीच्यांना लगेच कळवा. एजंटाचा मोबदला मिळालेल्या पैशातून जातो: अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०. भारतीय उपखंडाचे आणि मराठी अनुवादाचे हक्क करारात कुणाकडे राहतात हे सही करण्याआधी विचारा. वाचण्याचे, संपादनाचे किंवा नोंदणीचे पैसे आधी मागणारा माणूस एजंट नसतो, त्याला पानं पाठवू नका.